हट्ट धरला असता तर…

प्रश्न :
डॉक्टर, पाच महिन्यांपूर्वी माझे बाबा गेले. वय ७२. गुडघेदुखीच्या गोळ्या कित्येक वर्षं चालू होत्या. त्या आठवड्यात दोन दिवस त्यांना काळी संडास होत होती, पण ते आम्हाला नंतर कळलं. रात्री अकराच्या सुमारास रक्ताची मोठी उलटी झाली. तासाभरात मी त्यांना घेऊन हॉस्पिटलमध्ये होते. लगेच सलाईन लागलं, रक्त चढवलं, अ‍ॅसिड कमी करणारं इंजेक्शन सुरू झालं. सकाळी दुर्बिणीतून तपासणी झाली. लहान आतड्याच्या सुरुवातीलाच मोठा अल्सर निघाला, तिथे क्लिप लावली. दोन दिवस बरे होते, बोलत होते. तिसऱ्या दिवशी पुन्हा रक्तस्राव झाला आणि पाचव्या दिवशी ते गेले.

पहिल्या रात्री मी ड्यूटीवरच्या डॉक्टरबाईंना विचारलं होतं, "रक्त थांबायचं इंजेक्शन देत नाही का?" माझ्या मावसभावाला अपघातानंतर दिलेलं मला आठवत होतं. त्या म्हणाल्या, "या रक्तस्रावात त्याचा उपयोग होत नाही." मी गप्प बसले. दादा दुसऱ्या दिवशी पोहोचला. तेव्हापासून त्याचं एकच : "तू तिथे होतीस. हट्ट का नाही धरलास?" आता त्याने कुठेतरी वाचलंय की या औषधाची अशाच रुग्णांवर चाचणी झाली आणि निम्म्या लोकांना नुसतं मीठपाणी दिलं. "म्हणजे माणसं मरू दिली," असं तो म्हणतो. त्याची स्वतःची कंबर धरलेली असते, गोळ्या खाऊन कामाला जातो, आणि घरी आला की हाच विषय. मला झोप लागत नाही. मी हट्ट धरायला हवा होता का?
– धाकटी

उत्तर :
ताई,

नाही. आणि धरला असता, डॉक्टरबाईंनी तुमच्यापुढे हात टेकून ते इंजेक्शन दिलंही असतं, तरी बाबा वाचले असते असं म्हणायला आज काहीही आधार नाही. पत्राचं उत्तर एवढंच आहे. पण माझं "नाही" तुमच्या दादांना पुरणार नाही, आणि रात्री तीन वाजता छताकडे बघत पडल्यावर तुम्हालाही पुरणार नाही. म्हणून ते आलं कुठून, ते नीट सांगतो.

आधी एक सांगून टाकतो. बाबांचे कागद मी पाहिलेले नाहीत. अल्सर नेमका कुठल्या भिंतीवर होता, दुसऱ्यांदा रक्त सुटल्यावर काय काय केलं, यावर पत्र वाचून मत ठोकणं बरं नव्हे, आणि तुम्ही ते विचारलेलंही नाही. तुम्ही एका औषधाबद्दल विचारलंय. त्याबद्दल मात्र ठामपणे बोलता येतं, कारण पोटात रक्तस्राव होत असलेल्या १२,००९ माणसांनी त्याचं उत्तर देऊन ठेवलंय.

औषधाचं नाव ट्रानेक्सामिक अ‍ॅसिड. लोक त्याला रक्त गोठवायचं इंजेक्शन म्हणतात, पण ते रक्त गोठवत नाही. जखम झाली की शरीर फायब्रिन नावाच्या धाग्यांची जाळी विणतं, तीत रक्तपेशी अडकतात आणि गुठळी होते. त्याच वेळी ही जाळी कातरणारं प्लाझ्मिन नावाचं द्रव्यही शरीर तयार करत असतं, नाहीतर जन्मापासूनच्या सगळ्या गुठळ्या अंगात साठून राहिल्या असत्या. ट्रानेक्सामिक अ‍ॅसिड या कातरीला धागा धरू देत नाही. झालेली गुठळी टिकवायची, एवढंच त्याचं काम. जिथे गुठळी धरतच नाही तिथे त्याला करण्यासारखं फारसं नसतं. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागेल.

उताको आणि शोसुके ओकामोतो या जपानी जोडप्याने हे औषध शोधलं आणि १९६२ साली जगापुढे मांडलं. उताकोबाईंच्या डोळ्यांपुढे होत्या बाळंतपणात रक्त जाऊन मरणाऱ्या बायका. त्या बायकांवरच्या मोठ्या चाचणीचा निकाल यायला २०१७ साल उजाडलं. बाई आदल्या वर्षी गेल्या होत्या, ९८ वर्षांच्या होऊन. निकाल चांगला होता, तो त्यांच्या हाती पडायला हवा होता असं मला अजून वाटतं. असो.

मावसभावाला हे औषध का दिलं, त्याचंही उत्तर आहे. २०१० साली क्रॅश-२ नावाच्या चाचणीचा निकाल आला. ४० देशांतले २०,२११ अपघातग्रस्त त्यात होते. औषध मिळालेल्यांपैकी १४.५ टक्के दगावले, न मिळालेल्यांपैकी १६ टक्के. दीड टक्का म्हणजे ऐकायला काहीच नाही, पण शंभर जखमींमागे एक-दोन माणसं घरी परत जाणार असतील आणि औषध स्वस्त, साधं असेल, तर ते न देणं हाच गुन्हा. पुढच्या वर्षी त्याच आकडेवारीतून आणखी एक गोष्ट निघाली. पहिल्या तीन तासांत दिलं तर औषध तारत होतं. तीन तासांनंतर दिलं, तर रक्तस्रावाने होणारे मृत्यू उलट वाढलेले दिसत होते. तुमच्या मावसभावाचा अपघात किती वाजता झाला हे सगळ्यांना माहीत होतं. घड्याळ तिथूनच सुरू झालं. बाबांचं घड्याळ कधी सुरू झालं, याकडे मी येतोच.

अपघातात चालतं, बाळंतपणात चालतं, मग पोटातल्या रक्तस्रावात का नाही चालणार? दादांना पडलेला हा प्रश्न आम्हा डॉक्टरांनाही पडला होता, आणि आमच्यातल्या पुष्कळांनी त्याचं उत्तर गृहीतच धरलं होतं. मीही त्यातलाच. रात्रपाळीला रक्ताची उलटी झालेला माणूस आला की माझा हात केसपेपरवर आपोआप ते नाव लिहायचा. नर्स ते सलाईनमधून सोडायची, नातेवाइकांना वाटायचं काहीतरी जोरदार चाललंय, आणि खरं सांगू, मलाही तसंच वाटायचं. माणूस वाचला की श्रेय औषधाचं. दगावला तर म्हणायचं, उशीर झाला होता. असा हिशेब मांडल्यावर कुठलंही औषध कधी हरत नाही.

आमच्या बाजूने अगदीच काही नव्हतं असं नाही. सात-आठ छोट्या चाचण्या होत्या. सगळ्या मिळून जेमतेम १,७०० रुग्ण. त्यांची बेरीज केली तर हे औषध मृत्यू तिसऱ्या हिश्श्याहून जास्त घटवतं असं दिसायचं. इतकं मोठं यश! पण अशा छोट्या बेरजेत नशीब फार घुसतं. नाणं दहा वेळा उडवून सात वेळा छापा पडला म्हणून कोणी नाणं खोटं म्हणत नाही. बारा हजार वेळा उडवून सात-आठ हजार वेळा छापा पडला, तर मात्र नाण्यात काहीतरी आहे. त्यातून पोटातल्या रक्तस्रावाने दगावणारी माणसं शंभरात चारेक. त्या चाराची तीन झाली की नाही हे ओळखायचं तर शे-दोनशे रुग्ण घेऊन भागत नाही, हजारो लागतात.

म्हणून ती मोठी चाचणी झाली. नाव हॉल्ट-इट. लंडन स्कूल ऑफ हायजीन अँड ट्रॉपिकल मेडिसिनच्या लोकांनी चालवलेली, १५ देशांतल्या १६४ हॉस्पिटलांत. ब्रिटन होतं, पाकिस्तान, नेपाळ, इजिप्त, नायजेरिया, मलेशिया होते. जुलै २०१३ मध्ये पहिला रुग्ण घेतला, जून २०१९ मध्ये शेवटचा. सुरुवातीला ८,००० रुग्ण घ्यायचे ठरलं होतं. पण दगावणाऱ्यांपैकी निम्म्याहून अधिक माणसं रक्तस्रावाने नव्हे, तर न्यूमोनिया, कॅन्सर, निकामी झालेलं यकृत अशा दुसऱ्याच कारणांनी जातात हे वाटेत लक्षात आलं. मग मोजायचं काय ते नेमकं केलं, पाच दिवसांत रक्तस्रावानेच झालेले मृत्यू, आणि रुग्णांची संख्या १२,००० वर नेली.

आता मीठपाणी. दादांचा राग मला कळतो. "निम्म्यांना मीठपाणी दिलं" हे वाक्य ऐकलं की डोळ्यांपुढे येतं ते असं : माणूस रक्त ओकतोय आणि डॉक्टर त्याला पाणी टोचून मजा बघतोय. प्रत्यक्षात काय व्हायचं ते सांगतो.

प्रत्येक हॉस्पिटलमध्ये सारख्या दिसणाऱ्या खोक्यांचा ढीग असायचा. खोक्यावर फक्त नंबर. आत सारख्याच दिसणाऱ्या काचेच्या अँप्युल्स, कुणात औषध, कुणात सलाईनचंच पाणी. रुग्ण आला की आधी त्याचे सगळे नेहमीचे उपचार सुरू व्हायचे. रक्त, सलाईन, अ‍ॅसिड कमी करणारं इंजेक्शन, दुर्बीण, लागलं तर ऑपरेशन, जे त्या हॉस्पिटलात मिळतं ते सगळं, दोन्ही गटांना. यातलं काहीही कोणाचंही काढून घेतलं जात नव्हतं. त्यावर भर म्हणून खोक्यातलं : पहिल्या दहा मिनिटांत १ ग्रॅम, मग पुढचे २४ तास सावकाश ठिबकत ३ ग्रॅम, किंवा तेवढंच पाणी. आत काय आहे हे रुग्णाला माहीत नाही, नातेवाइकांना नाही, आणि सुई लावणाऱ्या डॉक्टरलाही नाही. डॉक्टरला माहीत असतं तर तो माझ्यासारखाच वागला असता, औषधवाल्याकडे जरा जास्त आशेने पाहिलं असतं.

आणखी एक अट होती, ती दादांना मुद्दाम सांगा. उपचार करणाऱ्या डॉक्टरला स्वतःला खरोखर शंका असेल, की या माणसाला हे औषध द्यावं की देऊ नये, तरच त्या रुग्णाला चाचणीत घ्यायचं. "याला दिलंच पाहिजे" असं वाटलं तर चाचणी बाजूला, सरळ औषध द्यायचं. "याला देऊ नये" वाटलं तरी चाचणी बाजूला. शुद्धीत असलेल्या रुग्णाची संमती घ्यायची, तो सांगण्याच्या स्थितीत नसेल तर नातेवाइकांची. कोणीच जवळ नसेल तर जिथे कायदा परवानगी देतो तिथे उपचार सुरू करून संमती नंतर मागायची. शिवाय गोळा होणारे आकडे मधूनमधून तपासणारी एक स्वतंत्र समिती होती, एक बाजू ठळकपणे मरतेय असं दिसलं तर चाचणी तिथेच थांबवायला सांगण्यासाठी.

आता निकाल. हा जून २०२० मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. औषध मिळालेल्या ५,९५६ जणांपैकी पाच दिवसांत रक्तस्रावाने २२२ दगावले. मीठपाणी मिळालेल्या ५,९८१ जणांपैकी २२६. जवळजवळ बारा हजार माणसांत चौघांचा फरक. नाणं छापाही नाही आणि काटाही नाही, बरोब्बर मध्ये उभं. २८ दिवसांपर्यंत कोणत्याही कारणाने झालेले मृत्यू मोजले, तर औषधाकडे ९.५ टक्के, पाण्याकडे ९.२ टक्के. पुन्हा रक्त सुटणं, रक्ताच्या पिशव्या लागणं, ऑपरेशनची वेळ येणं, कशातही म्हणावा असा फरक नाही.

फरक दिसला तो भलतीकडे. पायातल्या शिरेत किंवा फुफ्फुसात गुठळी होणं औषधाकडे ४८ जणांना, पाण्याकडे २६ जणांना. फिट येणं ३८ आणि २२. आकडे लहान आहेत, गुठळ्या हजारी आठ आणि चार, फिट हजारी सहा आणि चार अशा, पण दिशा स्पष्ट आहे. गुठळी टिकवणारं औषध नको तिथलीही गुठळी टिकवतं, हे त्याच्या स्वभावाला धरूनच झालं. म्हणजे हिशेब असा : ज्यांना मीठपाणी मिळालं त्यांचं काही बुडालं नाही. झालंच तर जराशी जोखीम टळली. पण हे आज म्हणता येतं. त्या रात्री, ते खोकं उघडताना, जगात कोणालाही म्हणता येत नव्हतं. दादा म्हणतात तसं "माणसं मरू दिली" हे वाक्य कुठे लावायचंच असेल, तर न तपासता वर्षानुवर्षं औषध लिहीत बसलेल्या माझ्यासारख्यांना लावा. निदान ते अंगाला लागेल तरी.

मग अपघातात चालणारं औषध इथे का पडलं? याचं एक कारण तुमच्याच पत्रात आहे. "दोन दिवस काळी संडास" हे वाक्य तुम्ही सहज लिहून पुढे गेलात.

जठरात किंवा त्याच्या तोंडाशी रक्त सांडलं की ते आतड्यातून खाली येता येता पचतं आणि काळं होतं. डांबरासारखी, चकचकीत, भांड्याला चिकटणारी शी होते. तिला असा एक वास असतो, की तो एकदा नाकात बसला की वॉर्डच्या दारातूनच कळतं आत कोण आहे. (लोहाच्या गोळ्यांनीही शी काळी होते, पण ती अशी चिकट नसते आणि तिला हा वास नसतो.) म्हणजे बाबांना रक्तस्राव रात्री अकराला सुरू झालाच नव्हता. तो दोन दिवस आधी सुरू झाला होता, मुकाट्याने. अकराला तो तोंडावाटे बाहेर पडला, इतकंच. तुम्ही तासाभरात पोहोचलात ते उलटीच्या घड्याळाने. अल्सरच्या घड्याळाने ते तीन तास कधीच उलटून गेले होते, तुम्ही सगळे गाढ झोपेत असताना. पोटातल्या रक्तस्रावाचे बहुतेक रुग्ण असेच येतात. चाचणीतही तीन तासांच्या आत औषध मिळालेले थोडेच होते. आणि प्रामाणिकपणे पुढचंही सांगायला हवं : त्या थोड्यांना वेगळं काढून पाहिलं तरी त्यांच्यात काही वेगळा फायदा दिसला नाही. अल्सरवाले वेगळे काढले, यकृताच्या आजाराने अन्ननलिकेतल्या शिरा फुगून फुटलेले वेगळे काढले, तरीही नाही.

दुसरं कारण जागेचं. तो अल्सर म्हणजे भिंतीला पडलेला खड्डा. लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागामागून एक जाडशी धमनी जाते, आणि खड्डा तिच्यापर्यंत पोहोचला तर रक्त ठिबकत नाही, पिचकारीसारखं येतं. वरून अ‍ॅसिडचा मारा. अ‍ॅसिडमध्ये गुठळी नीट धरत नाही, धरली तर पाचकरस तिला विरघळवतात. कातर अडवणारं औषध अशा ठिकाणी काय करणार? तिथे लागते ती क्लिप, आणि अ‍ॅसिड दाबणारं इंजेक्शन. तुम्ही लिहिलंय तसं बाबांना दोन्ही मिळालं होतं.

ज्या बाईंनी तुम्हाला एका वाक्यात उत्तर दिलं, त्यांच्याबद्दल दोन शब्द. मध्यरात्री, समोर घाबरलेली मुलगी, बाजूला रक्ताने भरलेला ट्रे. अशा वेळी "हो, देते" म्हणणं किती सोपं असतं ते मला विचारा. नातेवाईक शांत होतात, डॉक्टरच्या डोक्याचा ताप जातो. त्यांनी तो सोपा रस्ता धरला नाही. जे १२,००९ माणसांकडून कळलं होतं ते त्यांनी पाळलं. युरोपातल्या एंडोस्कोपी, म्हणजे दुर्बिणीच्या तपासणीच्या, तज्ज्ञांच्या संघटनेनेही २०२१ मध्ये अशा रक्तस्रावात हे औषध वापरू नये असंच सांगितलं. त्यांचं चुकलं असेल तर एवढंच, की दोन मिनिटं थांबून हे तुम्हाला समजावलं नाही. पण त्या दोन मिनिटांत त्या बहुधा बाबांना रक्त लावत होत्या.

आता दादा इंजेक्शन सोडतील आणि दुसरं काहीतरी धरतील, तेव्हा हेही जवळ असू द्या. "रात्रीच दुर्बीण का नाही घातली, सकाळपर्यंत का थांबले?" असं ते विचारतील. हाँगकाँगमध्ये यावरच चाचणी झाली, ५१६ गंभीर रुग्णांवर, निकाल २०२० साली आला. तज्ज्ञाला कळवल्यापासून सहा तासांत दुर्बीण घातलेल्यांपैकी ८.९ टक्के महिनाभरात दगावले, सहा ते चोवीस तासांत घातलेल्यांपैकी ६.६ टक्के. हा फरक योगायोगाचाही असू शकतो, पण घाई केल्याने जीव वाचले असं काही दिसलं नाही. आधी माणूस रक्त-सलाईनवर सावरायचा, मग आत बघायचं. "रक्त आणखी का नाही चढवलं?" असंही येईल. बार्सिलोनातल्या ९२१ रुग्णांमध्ये हिमोग्लोबिन ९ च्या खाली गेलं की रक्त दिलेल्यांपेक्षा, ७ च्या खाली जाईपर्यंत थांबलेले जास्त जगले. दीड महिन्यानंतर ९५ टक्के हयात, दुसऱ्या गटात ९१. या आजारात "अजून थोडं करायला हवं होतं" हे वाटणं किती फसवं असतं, ते यात दिसतं. एवढं सगळं दादांवर एकदम ओतू नका, मात्र. एका बैठकीत एक आकडा पुरे. २२२ आणि २२६ पासून सुरुवात करा.

आणि काळ्या संडासवरून स्वतःला कोरत बसू नका. पत्रात तुम्ही विचारलं नाहीये, पण ओळींमधून ते मला दिसलं. "आम्हाला नंतर कळलं" असं तुम्ही लिहिलंय. बहात्तरीच्या माणसाने शौचाचा रंग मुलीला सांगावा, हे किती घरांत होतं? त्यांना वाटलं असेल पोट बिघडलंय, होईल ठीक. बहुतेकांना असंच वाटतं.

दादांबद्दल मी फार बोलणार नाही, तो तुमचा भाऊ आहे, मला ओळखीचा नाही. एक मात्र नजरेतून सुटलं नाही. जो माणूस पहिल्या रात्री तिथे नव्हता, तोच पाच महिने पहिल्या रात्रीबद्दल बोलतोय. "तू तिथे होतीस" हे तो तुम्हाला म्हणतो, पण त्या वाक्याची दुसरी बाजू त्याला स्वतःला ऐकू येत असणार. म्हणून त्याच्याशी इंजेक्शनावरून भांडू नका. त्याला ती रात्र सांगा, पहिल्यापासून. बाबा गाडीत काय म्हणाले, सकाळी दुर्बिणीनंतर शुद्धीवर आल्यावर त्यांनी कोणाबद्दल विचारलं, तो पोहोचेपर्यंत काय काय बोलले. त्याने ते अजून ऐकलेलं नसावं, कारण इंजेक्शनाच्या पुढे तुमचं बोलणं गेलेलंच दिसत नाही.

झोप महिनाभरात सुधारली नाही, जेवण तुटलं, किंवा कामात लक्ष लागेनासं झालं, तर एखाद्या समुपदेशकाला किंवा मनोविकारतज्ज्ञाला भेटा. ते माझ्या पत्राने होणारं काम नाही.

आणि दादांची ती कंबर. तुम्ही ते एका ओळीत उरकलंत, पण मी तिथेच अडकलो. बाबांच्या गुडघ्याच्या आणि दादांच्या कंबरेच्या गोळ्या बहुधा एकाच जातीच्या असतील. या वेदनाशामक गोळ्या जठराच्या आतल्या अस्तराचं संरक्षण कमी करतात, आणि सोबत हृदयासाठी अ‍ॅस्पिरिन चालू असेल तर धोका आणखी वाढतो. त्यांना एवढंच विचारा : गोळी कोणती, रोज किती, आपल्या मनाने घेतो की डॉक्टरांनी सांगितलीय, आणि बरोबर अ‍ॅसिड कमी करणारी गोळी आहे का. डॉक्टरांना भेटतील तेव्हा वडील अल्सरच्या रक्तस्रावाने गेले हे सांगू देत, आणि हेलिकोबॅक्टर पायलोरी या जंतूची तपासणी करायची का तेही विचारू देत. अल्सरमागे पुष्कळदा हाच जंतू असतो, तो एका घरात एकाकडून दुसऱ्याकडे जातो, आणि गोळ्यांच्या एका कोर्सने बहुतेकदा निघून जातो. तुम्हीही विचारा. आणि संडास काळी, चिकट झाली तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा, उलटीची वाट बघायची नाही, हे त्यांना माझ्या नावाने सांगितलंत तरी चालेल.